पंच्याहत्तर फार्मासिस्टांचा देश आणि सर जोसेफ भोर

निलंगा, मुखेड, किनवट किंवा उदगीर. मराठवाड्यातल्या अशा कोणत्याही गावी बसस्टँडजवळच्या मेडिकलसमोर संध्याकाळी अर्धा तास उभे राहिले, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. येणाऱ्यांपैकी अनेकांच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी नसते. कोणी सांगतो की दोन दिवसांपासून अंगात कणकण आहे. कोणी बाई लेकराच्या जुलाबावर काहीतरी मागते. कोणी बीपीच्या गोळीची रिकामी पट्टी दाखवून तीच गोळी आठ दिवसांची मागतो. काउंटरमागचा माणूस दोन प्रश्न विचारतो, चार गोळ्या कापून पुडीत घालतो आणि कधी घ्यायच्या ते सांगतो. रोगाचे निदान, औषधाची निवड आणि औषधाची विक्री ही तिन्ही कामे दोन मिनिटांत एकाच ठिकाणी उरकतात.

कायद्याने यातले पहिले काम त्याचे नाही. दुसरे काम साध्या, चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांपुरतेच त्याचे आहे. तरीही ते रोज घडते, कारण तालुक्याला डॉक्टर कमी आहेत, दवाखान्यात रांग असते, तपासणीची फी असते आणि मजुरी बुडते. जगातल्या काही देशांनी या वस्तुस्थितीकडे डोळेझाक न करता फार्मासिस्टला रीतसर शिकवून, मर्यादा घालून औषध लिहून देण्याचा अधिकार दिला आहे. आपल्याकडे हे व्हावे का, आणि व्हायचे असेल तर आधी काय तयारी लागेल, हा प्रश्न आज ना उद्या समोर येणारच आहे. त्याचा विचार करताना ऐंशी वर्षांपूर्वी हाच गुंता सोडवायला बसलेल्या एका नाशिककराची आठवण होते. देशात औषध कोणी लिहून द्यावे, कोणी तयार करावे आणि कोणी वाटावे याची घडी बसवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. ते डॉक्टर नव्हते आणि फार्मासिस्टही नव्हते. त्यांचे नाव सर जोसेफ विल्यम भोर.

नाशिक ते दिल्ली

आरोग्याच्या अभ्यासक्रमात भोर समिती हे शब्द इतक्या वेळा येतात की त्यामागे एक माणूस होता हे विद्यार्थी विसरूनच जातात. जोसेफ भोर यांचा जन्म ६ एप्रिल १८७८ रोजी नाशिकला झाला. घरातले वडीलधारे रावसाहेब किताबाचे होते. जोसेफ यांचे शिक्षण पुण्याच्या बिशप्स हायस्कूलमध्ये आणि डेक्कन कॉलेजात झाले. पुढे ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९०२ मध्ये इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये दाखल झाले. त्या काळी आयसीएसमध्ये हिंदी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच असत.

नेमणूक मद्रास इलाख्यात झाली. १९११ मध्ये त्यांचा विवाह मार्गारेट स्टॉट यांच्याशी झाला. त्या स्कॉटलंडमध्ये शिकलेल्या डॉक्टर होत्या. भोर स्वतः वैद्यकशास्त्र कधीच शिकले नाहीत, पण घरातच डॉक्टर होती, ही गोष्ट त्यांच्या पुढच्या कामाकडे पाहताना लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१९१४ ते १९१९ या काळात ते कोचीन संस्थानचे दिवाण होते. पहिल्या महायुद्धाची ती वर्षे. एका संस्थानाचा सगळा कारभार, म्हणजे शेतसारा, शाळा, रस्ते, दवाखाने, एका माणसाच्या टेबलावरून कसा चालतो हे त्यांनी तेथे जवळून पाहिले. नंतर ते लंडनमध्ये भारताच्या हाय कमिशनरच्या कचेरीत गेले आणि १९२२-२३ मध्ये त्यांनी हंगामी हाय कमिशनर म्हणूनही काम पाहिले. परतल्यावर ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात हंगामी सदस्य झाले.

मग आले सायमन कमिशन. एकही हिंदी सभासद नसलेल्या या कमिशनवर देशाने बहिष्कार टाकला होता. जागोजागी काळी निशाणे दाखवली गेली. त्या कमिशनचे सचिव म्हणून हिंदुस्थान सरकारने १९२८ मध्ये भोर यांची नेमणूक केली. देशभर ज्या गाड्यांसमोर निदर्शने झाली, त्या गाड्यांत हा नाशिकचा माणूस कागदपत्रे सांभाळत बसला होता. पुढे त्यांना सर हा किताब मिळाला. १९३० ते १९३५ या काळात त्यांनी आधी उद्योग व कामगार आणि नंतर व्यापार व रेल्वे ही खाती सांभाळली. जपानशी कापड आणि कापसाच्या व्यापाराची बोलणी याच काळातली. निवृत्त झाले तेव्हा त्यांची ओळख एक निष्णात, अबोल, आकडेवारीत मुरलेला सनदी अधिकारी अशी होती. जनतेचा माणूस असे त्यांना कोणी म्हटले नसते.

आज त्यांच्या खात्यांची, किताबांची आणि करारांची कोणाला आठवण नाही. लोकांनी लक्षात ठेवले ते त्यांनी साठी उलटल्यावर केलेले एकच काम.

पासष्टाव्या वर्षीचे काम

ऑक्टोबर १९४३. दुसरे महायुद्ध चालू होते. बंगालमध्ये माणसे दुष्काळाने रस्त्यावर मरत होती. अशा वेळी सरकारने युद्धानंतरच्या आरोग्यव्यवस्थेचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली आणि अध्यक्षपदी पासष्ट वर्षांचे भोर बसले. समितीत डॉ. बिधानचंद्र रॉय, डॉ. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्यासारखे नामवंत डॉक्टर होते. कामगार पुढारी ना. म. जोशीही होते. वैद्यकीय इतिहासाचे मोठे अभ्यासक हेन्री सिगरिस्ट सल्ल्यासाठी परदेशातून आले. समितीने दोन वर्षांहून अधिक काळ प्रवास केला, साक्षी घेतल्या, आकडे गोळा केले. १९४६ मध्ये अहवाल चार खंडांत प्रसिद्ध झाला.

त्यातले आकडे आजही वाचवत नाहीत. त्या काळी जन्मलेल्या मुलाचे सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होते. हजार जिवंत जन्मांमागे १६२ बालके वर्षाच्या आत दगावत होती. देशातल्या एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे मृत्यू दहा वर्षांखालील मुलांचे होते. वर्षाला किमान दहा कोटी लोकांना मलेरिया होत होता. क्षयाने वर्षाला सुमारे पाच लाख माणसे जात होती.

या सगळ्यांशी लढायला माणसे किती होती? समितीने तोही हिशेब मांडला. डॉक्टर सुमारे ४७,५००, म्हणजे ६,३०० लोकांमागे एक. परिचारिका ७,०००, म्हणजे ४३,००० लोकांमागे एक. आणि शिक्षण घेतलेले पात्र फार्मासिस्ट अवघे ७५. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तीस कोटी लोकसंख्येत चाळीस लाखांमागे एक.

हा आकडा छपाईची चूक वाटावा असा आहे, पण त्याचे कारण सरळ आहे. औषधशास्त्राचे पदवी शिक्षण देशात नुकतेच सुरू झाले होते. प्रा. महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात बी.फार्म.चा अभ्यासक्रम १९३७ मध्ये सुरू केला. त्याआधी कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या समितीने १९३०-३१ मध्ये बाजारातल्या औषधांची पाहणी करून भेसळ आणि अनागोंदी उघडी पाडली होती. त्यातून पुढे १९४० चा औषध कायदा आला. मात्र कायदा आला तरी दुकानात आणि दवाखान्यात औषध हाताळणारा माणूस शिकलेला नव्हता. मिश्रणे तयार करून बाटलीवर डोसाची कागदी पट्टी चिकटवणारे काम कंपाउंडर करत. ते डॉक्टरांच्या हाताखाली पाहून पाहून शिकलेले असत. त्यातले काही अतिशय हुशार होते, पण त्यांना तपासणारी परीक्षा नव्हती आणि चूक झाली तर जाब विचारणारी परिषदही नव्हती.

नांदेड आणि लातूरच्या वाचकांनी इथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. भोर समितीचा हिशेब ब्रिटिश हिंदुस्थानचा होता. आपला मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. लातूर उस्मानाबाद जिल्ह्यातले एक गाव होते, उदगीर आणि निलंगा बिदर जिल्ह्यात, तर किनवट आदिलाबादमध्ये. म्हणजे त्या पंच्याहत्तरांच्या यादीत इथला कोणी असण्याचा प्रश्नच नव्हता. आपण त्या तक्त्याच्याही बाहेर होतो.

समितीने काय सुचवले

भोर समितीचा पाया एका साध्या तत्त्वावर होता. पैसे नाहीत म्हणून कोणाला उपचार नाकारले जाऊ नयेत. या तत्त्वासाठी त्यांनी दोन आराखडे दिले. दूरच्या आराखड्यात दहा ते वीस हजार लोकांमागे ७५ खाटांचे रुग्णालय होते. योगायोग असा की देशात जितके फार्मासिस्ट होते तितक्या खाटा त्यांना एवढ्याशा लोकसंख्येसाठी हव्या होत्या. जवळच्या आराखड्यात चाळीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र होते. तेथे दोन डॉक्टर, परिचारिका, सुईणी, स्वच्छता निरीक्षक आणि त्यांच्याबरोबर एक फार्मासिस्ट असावा, असे त्यांनी लिहिले. आज जिल्हा परिषदेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध निर्माण अधिकारी हे पद असते. त्याचा उगम याच ओळीत आहे.

फार्मासिस्टच्या शिक्षणाबद्दल समितीचा विचार स्पष्ट होता. सगळ्यांना एकच साचा नको. दुकानात आणि दवाखान्यात काम करणारा परवानाधारक फार्मासिस्ट, त्यावर पदवीधर फार्मासिस्ट आणि कारखान्यात औषधे बनवणारा तंत्रज्ञ अशा तीन पायऱ्यांचे शिक्षण हवे. त्यावर देखरेख करणारी परिषदही हवी. यातून आणि चोप्रा समितीपासून चालत आलेल्या मागणीतून १९४८ चा फार्मसी कायदा झाला. मार्च १९४८ मध्ये तो संमत झाला तेव्हा मराठवाड्यात रझाकारांचा धुमाकूळ चालू होता. १७ सप्टेंबरला हैदराबाद संस्थान मुक्त झाले आणि त्यानंतर भारतातले कायदे टप्प्याटप्प्याने इथे पोहोचले.

या कायद्याने एक रेघ ओढली. चिठ्ठी लिहिणार डॉक्टर. ती वाचून औषध तयार करणार आणि देणार नोंदणीकृत फार्मासिस्ट. अनेक वर्षे काम केलेल्या कंपाउंडरांनाही काही अटींवर पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. माणसे कमी होती, त्यांना घराबाहेर काढून चालणार नव्हते, एवढे शहाणपण कायदा करणाऱ्यांकडे होते.

वादाचे खरे ठिकाण

भोर समितीतला सर्वात मोठा वाद फार्मासिस्टबद्दल झाला नाही. तो लायसेन्शिएट डॉक्टरांबद्दल झाला, आणि आजच्या प्रश्नाची मुळे त्याच वादात आहेत.

त्या काळी दोन प्रकारचे डॉक्टर होते. मेडिकल कॉलेजातून एमबीबीएस होणारे पदवीधर आणि मेडिकल स्कूलमधून कमी वर्षांचा अभ्यासक्रम करून एलएमपी होणारे लायसेन्शिएट. समितीच्या मोजणीत पदवीधर १७,६५४ होते आणि लायसेन्शिएट २९,८७०. म्हणजे दर आठ डॉक्टरांपैकी पाच लायसेन्शिएट. खेड्यात आणि लहान गावांत रुग्ण तपासणारे बहुतेक तेच होते.

समितीच्या बहुमताने ठरवले की हा दुसरा दर्जा बंद करायचा. देशात एकच पायाभूत डॉक्टर असेल. तो पूर्ण शिकलेला असेल आणि त्याला सार्वजनिक आरोग्याचीही जाण असेल. यामागची भूमिका थोर होती. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला पूर्ण शिकलेला, अशी विभागणी स्वतंत्र देशात नको, असे त्यांना वाटत होते. काही सभासदांनी मात्र वेगळे मत नोंदवले. पदवीधर डॉक्टर पुरेसे होईपर्यंत लायसेन्शिएटचे शिक्षण चालू ठेवा, नाहीतर खेडी रिकामी राहतील, असा त्यांचा इशारा होता.

बहुमताचे ऐकले गेले. एलएमपीचे वर्ग हळूहळू बंद झाले. मेडिकल कॉलेजे वाढली, दिल्लीत १९५६ मध्ये एम्स उभे राहिले, २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या समूह विकास योजनेतून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. भोर यांनी सांगितलेले पुष्कळ काही घडले. पण ज्या गतीने त्यांना डॉक्टर खेड्यात जायला हवे होते, त्या गतीने ते गेले नाहीत. पदवीधराला शहर हवे होते. सरकारने दवाखान्यांवर तेवढा पैसाही घातला नाही. लायसेन्शिएटची जागा रिकामी झाली आणि ती रिकामी राहिली नाही. तिथे कोणी ना कोणी बसले. कुठे कसलीही पदवी नसलेला बसला, कुठे दुसऱ्या पॅथीचा वैद्य, आणि जवळपास सर्वत्र औषधाचे दुकान.

याचा दोष एकट्या भोर यांना देता येणार नाही. त्यांच्या आराखड्याचे दोन भाग होते. कमी शिकलेला डॉक्टर बंद करा, आणि त्याच वेळी दर चाळीस हजारांमागे सुसज्ज केंद्र उभे करा. पहिला भाग स्वस्त होता, तो लगेच अमलात आला. दुसरा भाग महाग होता, तो रेंगाळला.

भोर यांनी हे सारे लांबूनच पाहिले. सरकारी पदे त्यांच्या मागे पडली होती आणि नव्या देशाचे नवे कारभारी आले होते. १५ ऑगस्ट १९६० रोजी वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. महाराष्ट्र राज्य स्थापन होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. नांदेड आणि लातूर त्या राज्यात आले होते, आणि भोर यांचे जन्मगाव नाशिकही.

तोच प्रश्न, नव्या रूपात

गेल्या पंचवीस वर्षांत देशाने या बंद केलेल्या दाराच्या फटी पुन्हा किलकिल्या केल्या. छत्तीसगडने २००१ मध्ये तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. महाराष्ट्राने होमिओपॅथीच्या डॉक्टरांसाठी आधुनिक औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आणला आणि त्यावरून डॉक्टरांच्या संघटना आजही रस्त्यावर उतरतात. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याच्या समुदाय आरोग्य सेवकाची तरतूद आहे. उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आहेत. या सगळ्या चर्चेत जो माणूस आधीपासूनच गल्लीच्या तोंडाशी बसला आहे, त्या फार्मासिस्टचे नाव क्वचितच निघते.

बाहेर चित्र वेगळे आहे. ब्रिटनमध्ये २००३ पासून फार्मासिस्टला डॉक्टरांनी ठरवलेल्या योजनेत राहून औषध लिहिता येते आणि २००६ पासून स्वतंत्रपणे. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात २००७ मध्ये हा अधिकार मिळाला. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२४ च्या अखेरीस सुरू झालेल्या योजनेत सात साध्या आजारांसाठी फार्मासिस्ट स्वतः तपासून ठरलेले औषध देऊ शकतो. घसा दुखणे, कान दुखणे, सायनस, कीटक चावून झालेला संसर्ग, त्वचेवरच्या खपल्यांचा संसर्ग, नागीण आणि स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग हे ते सात आजार. यादी लहान आहे आणि प्रत्येक आजाराला ठरलेली पायरी आहे. कोणत्या लक्षणावर औषध न देता लगेच डॉक्टरांकडे पाठवायचे हेही लिहून ठेवले आहे. स्वतंत्रपणे औषध लिहिण्यासाठी तिथल्या फार्मासिस्टला वेगळा अभ्यासक्रम करावा लागतो आणि त्यात अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली किमान नव्वद तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम करावे लागते.

आपल्याकडची सुरुवात कुठून होईल? बारावी विज्ञान, मग दोन वर्षांची डी.फार्म. आणि पाचशे तासांचे प्रशिक्षण, ही आपल्या बहुतेक दुकानांतल्या फार्मासिस्टची पात्रता. २००८ पासून सहा वर्षांचा फार्म.डी. हा रुग्णालयाशी जोडलेला अभ्यासक्रमही देशात आहे. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनी रुग्णाचे समुपदेशन हे फार्मासिस्टचे काम म्हणून मान्य केले. क्षयाची औषधे विकणाऱ्या दुकानाने त्या रुग्णाची माहिती सरकारला कळवावी असा नियम २०१८ मध्ये आला. म्हणजे कायद्याने फार्मासिस्टला नुसता विक्रेता मानणे कधीच सोडले आहे. लातूर पॅटर्नने डॉक्टर होणारी मुले राज्यभर प्रसिद्ध केली. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाचे फार्मसी संकुल आणि लातूरची फार्मसी महाविद्यालये यांतून दरवर्षी बाहेर पडणारी मुले मात्र कोणाच्या चर्चेत नसतात. त्यांतली पुष्कळ जण याच दोन जिल्ह्यांत दुकान टाकतात. डॉक्टर मुंबई-पुण्याला जातो, तेव्हा हे इथेच राहतात.

म्हणून तयारी कशाची करायची हे नेमके ठरवायला हवे. औषधाचे नाव आणि डोस फार्मासिस्टला येतोच. त्याला शिकायचे आहे ते प्रश्न विचारणे. ताप किती दिवसांचा, खोकल्यात रक्त पडते का, बाई गरोदर आहे का, आधीची कोणती गोळी चालू आहे, फवारणी करून आला आहे का. सोयाबीन-कापसावर फवारणी करून आलेल्या माणसाची मळमळ आणि चक्कर ही पित्ताची गोळी देऊन घरी पाठवण्याची गोष्ट नसते. पोटात जळजळ म्हणून आलेल्या पन्नाशीच्या माणसाला घाम फुटला असेल, तर तो हृदयाचा झटका असू शकतो. कोणाला औषध द्यायचे नाही हे ओळखणे हा अशा शिक्षणाचा अर्धा भाग असतो, आणि ते पुस्तकातून येत नाही. त्यासाठी जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांशेजारी बसून महिनोन्महिने रुग्ण पाहावे लागतात. नांदेड आणि लातूर दोन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेवढी सोय तरी हाताशी आहे.

दुसरी तयारी नोंदीची. आज काउंटरवर जे सल्ले दिले जातात त्यांची कुठे नोंद नसते. प्रतिजैविक तीन दिवस दिले की पाच, स्टिरॉइडचे मलम किती महिने चालू आहे, वेदनाशामक गोळ्यांनी कोणाच्या मूत्रपिंडावर परिणाम झाला, हे कोणालाच कळत नाही. शेड्यूल एच-वन मधल्या औषधांची वही ठेवण्याचा नियम २०१४ पासून आहे. अधिकार वाढवायचा तर प्रत्येक सल्ल्याची अशी वही हवी आणि ती अन्न व औषध प्रशासनाने तपासायला हवी.

तिसरी गोष्ट सर्वात अवघड, आणि तिथे भोर यांचा अहवाल आजही उपयोगी पडतो. सरकारी डॉक्टर पगारी असावा आणि त्याने खासगी प्रॅक्टिस करू नये, असे त्यांच्या समितीने सुचवले होते. रुग्णाच्या खिशावर ज्याची कमाई अवलंबून आहे, त्याच्या सल्ल्यावर त्या कमाईची सावली पडते, हे त्यांना कळले होते. फार्मासिस्टच्या बाबतीत ही सावली आणखी गडद आहे, कारण त्याने लिहिलेले औषध त्याच्याच कपाटातून निघते. इंग्लंडच्या योजनेत फार्मासिस्टला तपासणीबद्दल ठरलेला मोबदला मिळतो, औषध दिले तरी आणि न देता परत पाठवले तरी. आपल्याकडे असा मोबदला कोण देणार? याचे उत्तर न शोधता नुसता अधिकार दिला, तर आज चोरून होते ते उद्या उघडपणे आणि अधिक होईल, आणि त्याची किंमत प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या रूपाने सगळ्यांना मोजावी लागेल.

त्यामुळे पहिले पाऊल खासगी दुकानात न टाकता प्राथमिक आरोग्य केंद्रात टाकणे शहाणपणाचे ठरेल. तिथला औषध निर्माण अधिकारी पगारी आहे आणि औषध जास्त खपले म्हणून त्याला फायदा नाही. डॉक्टर शेजारच्या खोलीत किंवा फोनवर आहे. डॉक्टरांनी एकदा निदान करून दिलेल्या बीपी आणि मधुमेहाच्या रुग्णाची दर महिन्याची तपासणी, गोळीचा डोस ठरलेल्या मर्यादेत कमी-जास्त करणे, जुलाबाला क्षारसंजीवनी आणि झिंक देणे, अशा कामांपासून सुरुवात करता येईल. चार वर्षे त्याचे निकाल पाहावेत. ते चांगले निघाले तर बसस्टँडजवळच्या दुकानाकडे वळावे.

भोर समितीच्या अनुभवातून दोन्ही बाजूंनी शिकण्यासारखे आहे. गरिबाला दुय्यम सेवा देऊ नये हा त्यांचा आग्रह आजही खरा आहे. फार्मासिस्टला अर्धवट शिकवून खेड्यावर सोडणे म्हणजे त्या आग्रहाला हरताळ फासणे होईल. पण पूर्ण शिकलेला डॉक्टर येईपर्यंत मधली माणसे मोडीत काढायची आणि डॉक्टर मात्र पाठवायचा नाही, ही चूकही आपण एकदा केली आहे. तिची फळे निलंग्याच्या किंवा किनवटच्या काउंटरवर रोज दिसतात.

पंच्याहत्तर फार्मासिस्टांच्या देशात बसून भोर यांनी प्रत्येक चाळीस हजार लोकांमागे एका फार्मासिस्टची जागा लिहून ठेवली. ती माणसे तेव्हा अस्तित्वातच नव्हती. आज ती आहेत, आपल्याच गल्लीत दुकान उघडून बसली आहेत, आणि लोक त्यांच्याकडे येतातच. त्यांना शिकवायचे, त्यांच्यावर लक्ष ठेवायचे आणि त्यांच्या कामाचा योग्य मोबदला ठरवायचा, एवढे काम उरले आहे.